निपाच्या दांड्याचा जाळ

सासूच्या चितेपाशी सगळे हात जोडून उभे होते आणि जावई चिमणीकडे बघत होता. सनित मास्तरांनी सवेंगला पहिल्यांदा नीट पाहिलं ते असं.

विहारामागच्या दाहिनीच्या पायऱ्या चढून एकेकाने लाकडी फूल ठेवून झालं होतं. भिक्षूंचं पठण संपलं होतं, लोखंडी दार बंद झालं होतं. चिमणीतून काळा धूर निघाला, तो वर जाण्याऐवजी खाडीच्या वाऱ्याने खाली दबला आणि थेट बायकांच्या अंगावर आला. बायका डोळे पुसू लागल्या. कोण रडतंय आणि कुणाला धूर लागतोय, कळेना. तेव्हा सवेंग घोळक्यातून निघाला, दाहिनीच्या मागे गेला, भिंतीला तळवा लावून थोडा वेळ थांबला आणि मग वाकून त्याने राख काढायच्या खिडकीला नाक लावलं.

"अरे, सासू गेली ना याची? वास कसला घेतोय?" मास्तरांच्या शेजारी उभा असलेला प्लूम पुटपुटला. प्लूमचं खाडीच्या धक्क्यावर कॉफीचं दुकान होतं, आणि गावातल्या प्रत्येक माणसाबद्दल त्याचं एक मत तयार असे.

सातव्या दिवसाचा विधी झाला तशी सवेंग पत्रा आणि सिमेंट घेऊन विहारात हजर झाला. चिमणी दोन हात वाढवायची आणि खाली हवेला एक झरोका पाडायचा, एवढंच म्हणाला. मोठ्या भंतेंनी विचारलं, "सासूच्या नावाने पुण्य करतोयस का?"

"नाही भंते. चिमणीला ओढ कमी आहे."

भंते हसले आणि हो म्हणाले. तेव्हापासून त्या दाहिनीचा धूर सरळ वर जातो. पण सासूच्या अंत्यविधीत नाक खुपसणारा जावई ही सवेंगची ओळख पुढे कित्येक वर्षं पुसली गेली नाही.

सवेंग मूळचा खाडीचा नव्हता. तो वरच्या डोंगराकडचा, रबराच्या मळ्यातला. चोविसाव्या वर्षी कोळंबीच्या तळ्यांवरची इंजिनं दुरुस्त करायला पाक फनांगच्या या खाडीवर आला, युपिनशी लग्न केलं आणि राहिला. घराखालच्या खांबांमध्येच त्याचं वर्कशॉप. लांब दांड्याच्या होड्यांची इंजिनं तिथे उलटी टांगलेली असत. त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक पेर नव्हतं. खाडीतल्या निपा ताडाची पानं चिरायचं यंत्र त्याने स्वतःच बनवलं होतं, आणि त्या यंत्राने पहिलं जे चिरलं ते हे. सनित मास्तर खाडीकाठच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेचा पंप बिघडला की सवेंग यायचा, आणि त्यातून दोघांची ओळख वाढत गेली. त्याची एक सवय मास्तरांना फार आवडे. आज काही विचारलं की तो उत्तर उद्या द्यायचा. मधल्या वेळात तो खरंच विचार करत असे.

युपिनची गोष्ट वेगळी. ती खाडीतच जन्मली, खाडीतच वाढली. चिखलात गळ्यापर्यंत रुतून वाढणारी ती निपाची झुडपं तिच्या आईची, आणि आईच्या आईची. घडाचा दांडा पंधरा-पंधरा दिवस रोज थोपटायचा, वाकवायचा, मग टोकाला रोज पातळ काप द्यायचा आणि खाली बांबूचं नळकांडं अडकवायचं. रात्रभर त्यात नीरा ठिबकते. पहाटे ती गोळा करायची आणि दुपारपर्यंत मोठ्या कढईत आटवून गूळ करायचा. गावातली सगळी चुलाणी डोंगरावरून येणाऱ्या रबराच्या लाकडावर चालत. युपिनच्या घरी मात्र पानं काढून उरलेले निपाचे दांडेच जाळत. तिच्या आईचा तसा दंडक होता, की झाडाचा गूळ झाडाच्याच जाळावर. निपाचा दांडा म्हणजे भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा. महिनाभर वाळवला तरी पेटताना निम्मा धूरच होतो. एकतीस वर्षं युपिन त्या धुरात बसली.

खोकला आधी सकाळचा होता, मग रात्रीचा झाला, मग जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. सवेंगने चुलाण्याला चिमणी बसवली, दाहिनीसारखीच. धूर बराच कमी झाला. पण गूळ होत आला की तोंड कढईवरच ठेवावं लागतं, पाक कधी वळतो ते डोळ्यांनीच कळतं, आणि दांड्याचा धूर कढईच्या कडेने सुटायचा तो सुटायचाच. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि तिच्याकडे न बघता सवेंगला सांगितलं, "चुलीपासून लांब ठेवा. धूर आणखी गेला तर मी काही करू शकणार नाही."

त्या वर्षीचा दहावा चांद्रमास सुरू झाला तेव्हा युपिन इस्पितळात होती. वद्य पक्षाचे ते पंधरा दिवस पितर घरी येतात. विहारात त्यांच्यासाठी ताटं मांडतात, आणि ताटात 'ला', म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड जाळी, हवीच. पितरांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं, म्हणून ला सुतासारखी बारीक, जाळीदार तळायची. तिच्यात गोडवा निपाचाच. दर वर्षी युपिन त्यासाठी आपल्या चुलाण्यावर वेगळा घाणा लावत असे. त्या वर्षी सवेंगने बाजारातून गूळ आणला, शेजारणीने ला तळून दिली. घरी आल्यावर युपिनने ताट नेलं आणि ओळीच्या अगदी शेवटी, भिंतीकडेला ठेवलं.

मास्तर तिथेच उभे होते. "इतक्या कडेला का गं?"

"दुसऱ्याच्या चुलीचं आहे मास्तर," ती म्हणाली. "आई ओळखायची नाही. उपाशीच परत जाईल."

ती हे रडून बोलली नाही. तांदूळ संपलेत म्हणावं तसं बोलली. सवेंग ताटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मास्तर निवृत्त व्हायला तेव्हा तीन महिने राहिले होते, आणि ते प्रयोगशाळेतल्या बाटल्या मोजून पेटीत भरत होते.

"मास्तर, दांड्यातला जाळ तेवढा बाहेर काढता येतो का? धूर तिथेच ठेवून?"

"अरे, गॅसची शेगडी आण ना सरळ. एक छोटी कढई तर आटवायची. सिलिंडर मी देतो."

"आणली होती. तिने झाकून ठेवलीय. म्हणते, गॅस काय निपाला लागतो?"

"आणि कोळसा?"

"करून बघितला. हातात घेतला की राख होतो."

मास्तरांनी बाटली खाली ठेवली. झाडाचा धागा म्हणजे मुळात साखरच असते, घट्ट विणलेली, हे ते पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. काही बुरशा ती वीण उसवतात. साखर सुटली की ती आंबवून तिचा मद्यार्क होतो, आणि मद्यार्क जळताना धूर करत नाही. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण हे मोठ्या कारखान्यांना जड जातं सवेंग. आपण कोण?"

सवेंगने उत्तर अर्थातच उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र्याचा डबा घेऊन आला. घरामागे वर्षानुवर्षं दांड्यांचा ढीग कुजत पडला होता. त्याच्या तळातून खरवडून आणलेला हिरवट बुरा डब्यात होता. "हिला विचारू या," तो म्हणाला. "तिथे बसून तेच तर खातेय ती."

काम सुरू झालं. होडीच्या जुन्या इंजिनावर त्याने उखळ बसवलं आणि दांडे कुटले. तो चोथा चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, धुवायचा, वाफवायचा, थंड झाला की कोंड्यावर वाढवलेली हिरवी बुरशी त्यात कालवायची. काही दिवसांनी चोथा सैल पडायचा आणि जिभेला किंचित गोड लागायचा. तो गोड लागला त्या दिवशी मास्तर साठ वर्षांचे असूनही धक्क्यापर्यंत पळत गेले होते. पुढचं पाऊल म्हणजे त्यात भाताच्या दारूचं किण्व टाकायचं, आणि ते जोरात लागावं म्हणून घागरभर नीरा, जसं दुधाला विरजण. ही कल्पना मास्तरांची. युपिनला नीरा मागितली तीही त्यांनीच.

"अगदी ताजी लागेल हां, युपिन. जराही आंबलेली चालणार नाही. आंबट जंतू आले तर आमचं सगळं बिघडेल."

"ताजीच देईन मास्तर. सकाळची नीरा दुपारपर्यंत गोड राहील, अशी देईन."

चुलीपाशी जायला मनाई झाल्यापासून युपिन ओसरीवर बसून नळकांडी धुणं, वाळवणं, तयार ठेवणं एवढंच करत असे. झाडांवर सवेंग जायचा. तिने आठ नळकांडी निवडून त्यांना लाल दोरा बांधला. ही प्रयोगाची.

दहा महिने गेले. एकामागून एक अकरा पिंपं भरली, आणि अकराही फुकट गेली. चोथा गोड व्हायचा, नीरा घातली की दोन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी चार बुडबुडे, मग पाणी तांबूस होऊन ओल्या लाकडासारखा वास. मास्तरांनी वही केली होती. भरती-ओहोटी, उष्मा, पाऊस, पाण्यातलं मीठ, चुना किती, बुरशी कुठली, पिंप कुणाच्या सावलीत, सगळं त्यात होतं. नीरेच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द, 'ताजी'. सवेंग चुना बदली, पिंप बदली, पाणी बदली. युपिनचा खोकला काही बदलला नाही. पावसाच्या दिवसांत ती बसूनच झोपायला लागली.

प्लूम धक्क्यावरून ओरडायचा, "काय सवेंग, लोणचं मुरलं का?"

"मुरतंय."

"मुरलं की एक फोड आम्हाला पण! तुझी सासू येतेच आहे म्हणा दहाव्या महिन्यात, तिलाच पहिली दे!"

बाकीचे हसायचे. सवेंगही थोडा हसायचा. सासूचं नाव निघालं की मात्र तो हातातलं काम खाली ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलायचा. हे मास्तरांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुणीतरी चहाडी केली आणि एक दिवस अबकारीचे दोन अधिकारी होडीतून उतरले. घरात चोरून दारू गाळतात, अशी तक्रार होती. मोठा अधिकारी ईशान्येकडचा, तरुण आणि घामाघूम झालेला होता. त्याने पिंपाचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"लुंग," वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं तो सवेंगला म्हणाला, "ही दारू आहे असं लिहिलं तर ऑफिसात मला हसतील. आणि ही तांबडी कशी? आमच्या गावची ताडी पांढरीफेक असते."

"निपाची आहे," मास्तर मध्येच म्हणाले. "आमच्याकडे अशीच असते."

"असेल. खरंच कधी जमलं तर आधी परवाना काढा. अर्ज हे मास्तर लिहितील." जाताना त्याने वर्कशॉपवर एकदा नजर टाकली. "एवढं कशासाठी करताय?"

सवेंगने उत्तर दिलं नाही. अधिकारी दुसऱ्या दिवशी येणार असता तर कदाचित दिलं असतं.

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. गुन्हा करायलाही जमत नाही म्हणून कुणी सोडून दिलं, याचं सवेंगला काय वाटलं असेल, हे मनातून जाईना. दहाव्या महिन्याचा वद्य पक्ष सात आठवड्यांवर आला होता. आणि युपिन परवा सहज बोलून गेली होती, "या वर्षी जमलं तर जमलं मास्तर. पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही."

दोन दिवसांनी भर दुपारी मास्तर तिच्याकडे गेले तेव्हा सवेंग कुणाच्या तरी होडीवर होता. युपिन ओसरीवर पाय पसरून बसली होती. पुढ्यात धुतलेली नळकांडी, मांडीशी कोयता आणि खियमच्या लाकडाचा एक ओंडका. ती लाकडाच्या बोटभर ढलप्या काढत होती आणि एकेक नळकांड्यात टाकत होती. नीरा आंबू नये म्हणून खाडीवर नळकांड्यात खियमची ढलपी टाकतात. मास्तरांची आई टाकायची, आजी टाकायची. मास्तर हे बघतच मोठे झाले होते, म्हणजे इतकी वर्षं त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. आत्ताही ते विड्याचं पान जुळवत गप्पा मारत बसले. लाल दोऱ्याचं नळकांडं आलं. युपिनने एक ढलपी टाकली. मग दुसरी टाकली. मग जरा विचार करून तिसरी.

मास्तरांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"युपिन, त्यात तीन का?"

"ती त्यांची ना." ती खोकली, थांबली, मग हसली. "तुम्हीच म्हणाला होतात, जराही आंबता कामा नये. बाकीच्यांत एक. त्यांच्या नळकांड्यांना मी पहिल्या दिवसापासून तीन टाकते. नवं खियम, गाभ्यातलं. डोंगरावरून मुद्दाम मागवलंय."

मास्तरांना आपल्या वहीतला तो रकाना दिसला. ताजी, ताजी, ताजी. अकरा वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने ते लिहिलं होतं. जे लाकूड आंबू देत नाही, त्याचा कढा करून ते दहा महिने पिंपात ओतत होते आणि मग आंबत का नाही म्हणून भरती-ओहोटी मोजत होते. अबकारीच्या त्या परक्या मुलखातल्या पोराने लाकडाचा हा तांबडा रंग हेरला होता, आणि त्याचं तोंड बंद केलं होतं ते मास्तरांनी.

युपिनने त्यांच्याकडे पाहिलं, मग नळकांड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"मास्तर. ढलपीने आंबत नाही."

"हो."

"आणि तुम्हाला तर आंबवायचं होतं."

"चूक माझी आहे गं. मागताना मी नीट सांगितलं नाही. मी इथला, मला कळायला हवं होतं."

"तीन तीन टाकत होते मी," ती म्हणाली. कोयता तिने हळूच जमिनीवर ठेवला. "जास्त चांगलं व्हावं म्हणून."

संध्याकाळी सवेंग आला तेव्हा तिने स्वतःच त्याला सांगितलं. मास्तर उठून जायला निघाले होते, तिने जाऊ दिलं नाही. सवेंगने सगळं ऐकून घेतलं. लाल दोऱ्याचं एक नळकांडं उचललं, त्यातल्या ढलप्या तळहातावर घेतल्या, नाकाशी धरल्या, आणि खाली वर्कशॉपमध्ये गेला. युपिन त्या रात्री जेवली नाही, हे मास्तरांना मागाहून कळलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सकाळी मास्तर पोचले तेव्हा सवेंग ओसरीच्या पायरीवर बसला होता. तो खुर्चीवर कधीच बसत नसे. आठ नळकांडी त्याने चुन्याने घासून उन्हात घातली होती. जुने लाल दोरे काढून टाकले होते, आणि नव्या दोऱ्याचं रीळ युपिनच्या मांडीवर होतं.

"यांच्यात काही टाकायचं नाही," तो तिला म्हणाला. "पण दोरा तूच बांध. माझी गाठ सुटते."

त्याची गाठ सुटत नसे. इंजिनं टांगणारा माणूस तो. युपिनने दोरा दाताने तोडला आणि पहिली गाठ मारली.

बारावं पिंप तिसऱ्या दिवशी बोलायला लागलं. झाकणाला कान लावला की उकळत्या भातासारखा आवाज येई. सवेंगने प्लूमला धक्क्यावरून बोलावून आणलं आणि काही न सांगता त्याचं डोकं झाकणावर टेकवलं. प्लूम बराच वेळ तसाच राहिला. "हे लोणचं नाही," एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशी कॉफी फुकट पाजली.

मास्तरांनी अर्ज लिहिला. त्यात युपिनचा खोकला लिहिला, तिची आई लिहिली, ढलप्याही लिहिल्या. परवान्यासाठी अर्जात हे काहीच लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. परवाना आला. थोड्याच लिटरचा, आणि गाळलेला मद्यार्क कुणी पिऊ नये म्हणून त्यात निळं कडू औषध घालायच्या अटीवर. भट्टी सवेंगने पार खाडीच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावली, कारण तिच्याखाली लाकूडच जाळावं लागे.

"धूर टाळायला इतका धूर?" प्लूमने विचारलं.

"इथे मी बसतो," सवेंग म्हणाला.

एका पिंपातून, दोनदा गाळून, जेमतेम अर्धा लिटर निघे. चोथा कुटून कुटून त्याच्या हातांची सालं गेली. एक छोटी कढई आटवायला तीन लिटर लागतील, असं मास्तरांचं गणित होतं. वद्य पक्षातल्या मोठ्या ताटाच्या आदल्या दिवशी जेरीकॅनमध्ये अडीच लिटर होते.

शेगडी त्याने होडीच्या पितळी नळ्यांची केली होती, सुती वातींची. सकाळी ती ओसरीवर मांडली, वर छोटी कढई, कढईत सहा लिटर नीरा. ही नीरा ढलपी घातलेलीच. ती कुठल्या नळकांड्यातली, हे युपिनने दोनदा तपासलं. ती पाटावर बसली. एक वर्षाहून जास्त दिवसांनी चुलीसमोर बसत होती. सवेंगने काडी ओढली आणि वातींना लावली.

काडी पेटताच युपिनने डोळे घट्ट मिटले आणि मान डावीकडे वळवली. एकतीस वर्षांची सवय होती. पहिला लोट येतो, तो असा चुकवायचा. ती तशीच थांबली. काहीच आलं नाही. तिने एक डोळा उघडला.

"पेटली नाही का?"

उन्हात ज्योत दिसत नव्हती. सवेंग वाकून बघत होता, मास्तर चष्मा पुसत होते. वातींवर हवा थोडी थरथरल्यासारखी वाटे, एवढंच. युपिनने हात पुढे नेला, कढईच्या बुडाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"जळतंय," ती म्हणाली. मग बोट तोंडात घालून पुन्हा म्हणाली, "जळतंय हो."

तासाभरात नीरेला उकळी आली. फेस वर आला तो युपिनने झाऱ्याने खाली बसवला. ढवळताना ती दोनदा थांबली, श्वास घेतला, पण झारा कुणाला दिला नाही. खाडीवरून जाणाऱ्या दोन होड्या मंदावल्या. चूल दिसत नाही, धूर दिसत नाही, आणि युपिन कढई ढवळतेय, हे त्यांना उमगेना. दुपार कलली तशी नीरा तांबूस झाली, मग दाट झाली, झाऱ्यावरून तार सुटायला लागली. गूळ वळायला अजून थोडा वेळ हवा होता. आणि तेव्हा वाती फुरफुरल्या. मास्तरांनी जेरीकॅन हलवला. रिकामा होता.

सवेंग उठला. ओसरीखाली वाळलेले दांडे होतेच. आणखी पाऊण तासाचा जाळ, बस. तो दोन दांडे उचलून वर आला.

"नको," युपिन म्हणाली.

"मी धरतो झारा. तू घरात जा. एवढं केलंय, आता गूळ..."

"नको म्हणते ना. ठेवा खाली ते." तिने झारा उचलून उजेडात धरला. काकवी सुतासारखी, न तुटता, कढईत पडत होती. "'ला'ला काकवीच तर लागते. आई काकवीचीच करायची. गूळ मी करायला लागले, बाजारात विकता यावा म्हणून."

"खरंच?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय खरं-खोटं, मास्तर?" ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी तिच्या तोंडून टोमणा निघाला. "वहीत लिहा, काकवी. ताजी."

सवेंगने दांडे खाली ठेवले. तिच्यासमोर, रिकाम्या शेगडीपलीकडे, जमिनीवर बसला आणि कढई थंड होईपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात युपिनने ताट स्वतः नेलं. पायऱ्यांवर दोनदा टेकली. ताट ओळीच्या मध्यात, भातापाशी ठेवलं. ला जरा जाड झाली होती, हात भरून यायचा तिचा. सवेंग मागे उभा होता. भिक्षूंचं पठण सुरू झालं तेव्हा या वेळी त्याने हात जोडले होते, पण नजर मात्र सवयीने दाहिनीच्या चिमणीकडे गेली, हे मास्तरांनी पाहिलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. युपिनचा श्वास सुधारला नाही. डॉक्टर म्हणतात, वाढला नाही हेच पुष्कळ. गावातली मोठी चुलाणी अजून रबराच्या लाकडावरच चालतात. सवेंगच्या मद्यार्कावर एक मोठी कढई आटवायची तर वर्षभराची पिंपं लागतील, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. शहरातल्या कॉलेजातली काही मुलं बुरशीचा डबा घेऊन गेली, अजून काही कळवलेलं नाही. मास्तरांची वही मास्तरांकडेच आहे. तिच्यात नीरेपुढे एक नवा रकाना आखलेला आहे.

सवेंग अडुसष्ट वर्षांचा आहे. होड्यांची इंजिनं तो अजून दुरुस्त करतो. मंगळवारी मात्र वर्कशॉप बंद असतं. त्या दिवशी तो दांडे कुटतो.